ओठांवरचं बोलणं

अकोला
१८ नोव्हेंबर २०२४

चि. धर्मपाल यास,
दुर्गाताईचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

छत्तीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले आणि सख्ख्या भावाला पहिलं पत्र लिहायला निवृत्त व्हावं लागलं. कपाटात आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा पडून होता, तो आज कामी आला. प्रीतम हसतो आहे. म्हणतो, आई, मामाला सरळ फोन लाव नं. त्याला काय सांगू? तुला फोन लावला की तू चारदा "बरं आहे, बरं आहे" म्हणतोस आणि फोन वर्षालीच्या हातात कोंबतोस. मागच्या महिन्यात मी न्हाणीत पाय घसरून पडले, गुडघा टम्म सुजला, हे तुला सांगितलं तेव्हाही तू म्हणालास, बरं आहे.

असो, गुडघा आता खरंच बरा आहे. पत्राचं कारण वेगळं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस तुमच्याकडे राहून आले. वर्षालीनं अंबाडीची भाजी केली, रोडगे केले, येताना पिशवीभर संत्री दिली. पाहुणचाराला नाव ठेवायला जागा नाही. पण त्या तीन दिवसांत ती तुझ्याशी बोलल्याचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. माझ्याशी बोलते. शेजारच्या बाईशी कपडे वाळत घालता घालता पाऊण तास बोलते. नागपूरला शिकणाऱ्या लेकीला, पायलला, फोन लावून तिची हजेरी घेते. तू कामावरून आलास की मात्र घर चिडीचूप होतं. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते, नुसता ताट-वाटीचा आवाज.

नवरा-बायकोत तिसऱ्यानं पडू नये हे मला कळतं. पण मी तिसरी नाही, मी तुझी मोठी बहीण आहे. काही बिनसलं असेल तर सांग, आणि चूक तुझीच असणार हे धरून चाल. तू लहानपणापासून घुमा. मोबाईलवर चार ओळी लिहून वाटेला लावू नकोस, हाताने लिहून पाठव.

माया आहे तितकीच आहे, फक्त रागावली आहे.
तुझी,
दुर्गाताई


बडनेरा
१ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
धर्मपालचा सविनय जयभीम. पत्रास कारण की, तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी ते उघडायच्या आधी उलटसुलट करून बघितलं. आमच्याकडे पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं. मागच्या बाजूला तुझं अक्षर दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. गुडघ्याचं वाचून लाज वाटली.

आधी भांडणाचं सांगतो. ताई, तुला झालं तरी काय? वर्षाली माझ्याशी दिवसभर बोलते. तू होतीस तेव्हाच एक दिवस ओला टॉवेल खाटेवर टाकला म्हणून तिनं मला तीनदा झापलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, ती खरंच गप्प बसली असती तर मी वस्तीत पेढे वाटले असते.

आता खरं. फोनवरचं मला ऐकू येत नाही. सहा-सात वर्षं झाली असतील. हळूहळू गेलं, त्यामुळे कधी गेलं ते नक्की सांगता येत नाही. गिरणीत सूत कातायच्या यंत्रांच्या खात्यात मी सव्वीस वर्षं आहे. तिथे जवळ जाऊन ओरडलं तरी शेजारच्याला काही समजत नाही, म्हणून आम्ही सगळे ओठांवर बोलतो. शब्द नीट तोंड उघडून करायचा, आवाज काढायचाच नाही. समोरच्यानं ओठ वाचायचे. जोडीला खुणा असतात. नाकाला बोट लावलं म्हणजे साहेब येतो आहे, कानाची पाळी ओढली म्हणजे यंत्र बिघडलं. वर्षाली गिरणीत होती तेव्हा आमचं जुळलं ते असंच. तीस फुटांवरून तिनं मला सांगितलं होतं की शर्टाचं बटण तुटलं आहे, नीट करून घाला. सगळ्या खात्यानं ते वाचलं.

त्यामुळे माणूस समोर असला की मला सगळं कळतं. घरी, बाजारात, विहारात कोणाला पत्ता नाही. फोनला ओठ नसतात, एवढीच अडचण. वर्षालीलासुद्धा माहीत नाही, तिला वाटतं मला फोनचा कंटाळा आहे. गिरणीत कळलं तर यंत्रावरून उतरवतील आणि मग घरी बसवायला वेळ लावणार नाहीत. पायलचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. ती पायावर उभी राहीपर्यंत मला उभं राहायचं आहे. हे तुझ्याजवळच ठेव.

आहे तसा जीव लावत राहा.
तुझा,
धर्मपाल


अकोला
१० डिसेंबर २०२४

चि. धर्मपाल यास,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. सहा तारखेला अशोक वाटिकेत अभिवादनाला गेले होते, तिथेही पिशवीत घेऊन गेले. बाया विचारत होत्या, दुर्गाबाई, त्या पिशवीत एवढं काय आहे.

आईची आठवण झाली रे. ती अकोटच्या कापसाच्या जिनात होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवयांवर रुई आणि तोंडात आरडाओरडा. मीठ दे म्हणायचं तरी तिसऱ्या घराला ऐकू जाईल असं. आपण दोघं म्हणायचो, आई फार तापट आहे. मी तर एकदा तिला तोंडावर म्हणाले की तुझ्यामुळे मला मैत्रिणींसमोर मान खाली घालावी लागते. ती तापट नव्हती, तिला ऐकू येत नव्हतं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला हे आता, तुझ्या पत्रातून कळलं. मला फार रडू आलं.

म्हणून सांगते, लपवू नकोस. कामगार विम्याच्या दवाखान्यात जाऊन कान दाखव. आणि वर्षालीला सांग. चोवीस वर्षं जिच्याबरोबर जेवलास तिच्यापासून हे लपवणं बरं नाही.

टॉवेलवरून तिनं तुला तीनदा झापलं म्हणतोस. मी आतल्याच खोलीत होते, मला एकदाही ऐकू आलं नाही. तेव्हा माझेही कान गेलेले दिसतात. दोघं एकाच दिवशी जाऊ, डॉक्टरलाही सोयीचं.

ओढ असू दे, उत्तर लवकर टाक.
तुझी,
दुर्गाताई


बडनेरा
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. उशीर झाला, पण बातमी चांगली आहे.

दवाखान्यात जायची गरजच पडली नाही. चार तारखेला गिरणीतच तपासणीची गाडी आली. डोळे, छाती, रक्त आणि शेवटी कान. काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर झाकणं लावतात आणि हातात एक बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं. मी कान टवकारून बसलो. एकही आवाज येईना. पण काचेपलीकडे बसलेली मुलगी नवी होती, आपल्या पायलच्या वयाची. आवाज सोडला की ती मान वर करून माझ्याकडे बघायची आणि ओठातल्या ओठात मोजायची, एक, दोन, तीन. ताई, मी सव्वीस वर्षं ओठ वाचले आहेत. तिनं एक म्हटलं की मी बटण दाबलं.

तपासणीचं कार्ड आलं तेव्हा आख्ख्या खात्यात सगळ्यात चांगले कान माझे निघाले. दहावीला गणितात पस्तीस पडले तेव्हाही मी इतका खूश झालो नव्हतो.

त्यातून एक भानगड मात्र निघाली. गिरणीत नवीन सेफ्टी साहेब आले आहेत. रुईला ठिणगी लागली तर काय होतं हे तुला सांगायला नको, तू जिनातल्या बाईची मुलगी आहेस. आता प्रत्येक खात्यात एक प्रमुख नेमला आहे. आगीचा भोंगा वाजला की त्यानं हात वर करायचा, सगळ्यांना मागच्या दारानं काढायचं आणि आपण शेवटी निघायचं. दारात चेंगराचेंगरी नको, म्हणून प्रमुखाचा हात दिसेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, असा नियम आहे. आमच्या पाळीत माझ्याशिवाय बावीस बाया आणि सात माणसं. साहेबांनी कार्डं बघितली आणि जुना माणूस, त्यात कान उत्तम, म्हणून दंडाला नारिंगी पट्टा माझ्या बांधला.

तू काळजी करशील म्हणून सांगतो, बंदोबस्त केला आहे. समोरच्या यंत्रावर रागिणी नावाची बाई आहे, भरवशाची. तिला तेवढं सांगून ठेवलं आहे. भोंगा झाला की ती मला खूण करेल. वर्षालीनं तो पट्टा धुऊन इस्त्री करून दिला.

दोघांची आठवण ठेव, प्रीतमला आशीर्वाद.
तुझा,
धर्मपाल


अकोला
२० जानेवारी २०२५

धर्मपाल,
जयभीम. आज आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते मुद्दाम.

तू पास झालास ते वाचून मला हसू आलं, हे खोटं बोलणार नाही. मोजणाऱ्या मुलीचं तर मी सुनेलाही वाचून दाखवणार होते. पुढचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. तुझा कान तुझा आहे, त्याच्याशी तू काय हवं ते कर. त्या एकोणतीस माणसांचा जीव तुझा नाही. रागिणी आजारी पडली तर? तिची पाळी बदलली तर? ती पाणी प्यायला गेली तर? बाया तुझ्या हाताकडे बघत उभ्या राहतील आणि तू सूत जोडत बसशील.

आईनं आपल्याला गरिबीत वाढवलं, पण कोणाच्या जिवावर नाही वाढवलं. उद्याच्या उद्या साहेबांना सांग. पट्टा परत दे. नोकरी राहील न राहील, ते नंतर बघू.

राग उतरला की पुन्हा लिहीन.
दुर्गा


बडनेरा
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. महिनाभर उत्तर टाकलं नाही. रोज ठरवायचो की आज सांगतो आणि रोज पट्टा बांधून कामाला लागायचो. पायल मे महिन्यात मोकळी होईल, तोवर काढू, असं मनाशी म्हणायचो.

गुरुवारी साहेबांनी न सांगता भोंगा वाजवला. आग नव्हती, परीक्षा होती. तू लिहिलं होतंस तसंच झालं. रागिणी पाणी प्यायला गेली होती. मी यंत्रावर वाकून तुटलेलं सूत जोडत होतो, खात्याकडे पाठ होती. एक जोडलं, दुसरं जोडलं, तिसऱ्या ठिकाणी तुटलेलं दिसलं म्हणून तिकडे सरकलो. मग पाठ ताठ करायला उभा राहिलो आणि वळलो.

सगळ्या बाया आपापल्या यंत्रापाशी हात खाली सोडून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. रागिणी सोडून एकवीसच्या एकवीस. माणसंही. कोणाचेही ओठ हलत नव्हते. जागा सोडायची नाही हे त्यांना मीच शिकवलं होतं, दोनदा, नीट, ओठांवर. क्षणभर मला कळेचना काय झालं आहे. मग रागिणी दारातून धावत येताना दिसली, कानावर हात मारत. मी हात वर केला.

बाहेर पटांगणात साहेबांनी घड्याळ बघितलं. भोंगा सुरू झाल्यापासून माझा हात वर जाईपर्यंत पावणेदोन मिनिटं गेली होती. पहिल्या वेळेला ठीक आहे, पुढच्या वेळी चपळाई करा, म्हणाले. कोणीही माझं नाव घेतलं नाही. आत जाताना एक वयस्कर बाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी समोर होते ना, म्हून भेव नाई वाटलं."

ताई, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे मिटले की त्या उभ्या दिसतात. मी उद्या सकाळी, सोमवारी, साहेबांना सांगणार आहे. हे पत्र आत्ताच स्टेशनवरच्या डब्यात टाकून येतो, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तू एवढी वर्षं पोस्टात होतीस, डब्यात पडलेलं पत्र परत मिळत नाही हे तुझ्यामुळेच मला माहीत आहे.

रागावलेली असलीस तरी माया सोडू नकोस.
तुझा,
धर्मपाल


अकोला
२ मार्च २०२५

चि. धर्मपाल यास,
जयभीम आणि मागचे राहिलेले धरून दुप्पट आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं, म्हणजे तू सोमवारी सांगून मोकळा झाला असशील. पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही. म्हणूनच आत्ता लिहिते, म्हणजे तुला वाटायला नको की बातमी बघून ताई बोलते आहे. नोकरी राहिली तर छान. गेली तर तू आणि वर्षाली इकडे या, वरची खोली रिकामी आहे. पायलचं शिक्षण थांबणार नाही, मी आत्या कशाला आहे? मला तुझी लाज वाटत नाही. पूर्वी वाटली असेल तर ती आईचीच होती, आणि तिथे चुकले ती मी.

वर्षालीला सांगितलंस का? हे विचारायचं मी सोडणार नाही.

जीव आहे तोवर लोभ आहे.
तुझी,
दुर्गाताई


बडनेरा
१३ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. उद्या जयंती. वस्तीत निळ्या पताका लागल्या आहेत, पोरं सकाळपासून लाऊडस्पीकर तपासून राहिली आहेत आणि मी ते ऐकतो आहे. हो, ऐकतो आहे. क्रमानं सांगतो.

साहेबांचा आधी विश्वासच बसेना. ते कार्ड दाखवत होते. मी म्हटलं, माझ्या मागे उभे राहा आणि काहीही बोला. ते मागे गेले. बराच वेळ गेला. मी वळलो तर ते कपाळाला हात लावून उभे होते. त्यांनी मला तीनदा हाक मारली होती म्हणे. पट्टा काढून ठेवला. मला पंधरा दिवस घरी बसवलं, ते पंधरा दिवस कसे गेले ते विचारू नकोस. पुन्हा सगळ्यांचे कान तपासले, या वेळी भिंतीकडे तोंड करून. माझ्याशिवाय आणखी चार जण कमी ऐकणारे निघाले. आता भोंग्याखाली फिरता लाल दिवा बसवला आहे आणि पट्टा रागिणीच्या दंडाला आहे. मला यंत्रावरून काढलं, पण गोदामात सुताच्या पेट्या बांधायच्या कामावर घेतलं. पगार थोडा उतरला. यंत्राची सवय जात नाही, हात अजून सूत शोधतात.

परवा विम्याच्या दवाखान्यातून कानाचं मशीन मिळालं. दोन्ही कानांना आहे. दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी हैराण झालो. माझ्या चपला इतक्या वाजतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरात आलो तर पंखा करकरतो, नळ ठिबकतो, कढईत फोडणी तडतडते. मी खाटेवर बसून एकेक ऐकत होतो. वर्षालीला मी पंधरा दिवसांचं आणि गोदामाचं काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेली होती, मशीनबद्दल काही सांगितलं नव्हतं. तिला सगळं एकदमच सांगू, तिचा आवाज ऐकून सांगू, असं मनात होतं. तुला हसू येईल, पण मी केस विंचरून बसलो होतो.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि माझ्याशी बोलली. नेहमीसारखं मला सगळं कळलं, हात धुऊन या म्हणाली. पण ऐकू काही आलं नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. बटण फिरवलं, ते शिटी वाजवायला लागलं. मागे पंखा करकरतच होता. मी तिला म्हटलं, पुन्हा बोल, आणि डोळे मिटून घेतले. पंखा, नळ, फोडणी. तिचं काहीच नाही. डोळे उघडले तर ती माझ्या कानाकडे बघत होती आणि तिनं पदर तोंडाला लावला होता.

ताई, तिला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्याही आधी. सुरुवातीला ती मोठ्यानं बोलून बघायची. पण या लाइनीत दहापैकी सहा घरं गिरणीची, भिंतीला भिंत लागून. ती माझ्याजवळ बसली आणि हे सगळं तिनं मला ओठांवरच सांगितलं, सवयीनं. "मोठ्यानं बोलली असती तं साऱ्या लाइनीले माहीत पडलं असतं तुमाले आयकू येत नाई म्हून. अन् हळू बोलली काय अन् मुकी बोलली काय, तुमाले सारखंच होतं." सात वर्षं तिनं माझ्याशी आवाज काढलेला नाही. माझं गुपित मी सांभाळतो आहे असं मला वाटत होतं. तू दिवाळीत तीन दिवस राहून जे ऐकलंस ते खरं होतं, आणि मी तुझी थट्टा केली.

मी पुन्हा डोळे मिटले आणि म्हटलं, आता बोल. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, मला आठवत होता त्यापेक्षा जाड, थोडा बसलेला, चुलीपाशी बसणाऱ्या प्रौढ बाईचा. "जेवून घ्या. भाकर थंडी होऊन राहिली."

मी डोळे उघडले नाहीत. म्हटलं, अजून एकदा म्हण. तिनं अजून एकदा म्हटलं.

रविवारी फोन करतो, पण तू पत्र लिहायचं सोडू नकोस. दोघांवर अशीच माया असू दे.
तुझा,
धर्मपाल